तिखाडीचे तेल : वऱ्हाडच्या माळावरील सुगंध

अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या उतारांवर पावसाळ्याच्या अखेरीस पुरुषभर उंचीचे एक गवत तुऱ्यावर येते. पाने चुरगळून हुंगल्यास गुलाबासारखा गोड वास येतो. या गवतास आपल्याकडे तिखाडी म्हणतात. रोशा व रोहिष ही त्याचीच दुसरी नावे होत. त्याच्या तेलास परदेशात पामरोझा म्हणतात. या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल असून गुलाबाच्या तेलातही तोच आढळतो.

या तेलाचा इतिहास बोधप्रद आहे. वऱ्हाड, खानदेश, निमाड व बैतूल या मुलखांत एकोणिसाव्या शतकात नाल्याकाठी भट्ट्या लावून तिखाडीचे तेल काढीत. ते मुंबई बंदरातून तुर्कस्थानात जाई. तेथे त्यास ‘इद्रिस यागी’ म्हणत. पुढे ते महागड्या गुलाबतेलात भेसळीसाठी वापरले जाई आणि युरोपच्या बाजारात ‘तुर्की जिरॅनियम तेल’ या नावाने विकले जाई. माल आपल्या डोंगरातला, नाव मात्र दुसऱ्या देशाचे! जो माल निनावी व मिश्र स्वरूपात बाजारात जातो, त्याची किंमत दुसराच कोणी ठरवितो, हे यावरून ध्यानात येईल.

आज कारखान्यात कृत्रिम रीतीनेही जिरॅनिऑल तयार होते. त्यामुळे केवळ स्वस्तपणावर तिखाडीच्या तेलास टिकता येणार नाही. परंतु फक्त वनस्पतिज द्रव्ये वापरून अत्तरे करणाऱ्या लहान, स्वतंत्र अत्तरगृहांस खऱ्या तेलाची गरज असते. अशा गिऱ्हाइकास टनावारी माल नको असतो. थोडाच, परंतु शुद्ध आणि दरवर्षी एकसारखा माल हवा असतो. लहान शेतकऱ्यास ही मागणी पुरविता येण्याजोगी आहे. मात्र त्यासाठी पुढील गोष्टी कसोशीने पाळल्या पाहिजेत.

जात ओळखावी. तिखाडीचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार आहेत. दिसावयास दोन्ही जवळजवळ सारखेच. मोतियाचे तेल गुलाबगंधी असून त्यास चांगला भाव मिळतो. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी असून वास उग्र, काहीसा सुंठीसारखा असतो. म्हणूनच परदेशी बाजारात त्यास आल्याच्या नावावरून ‘जिंजरग्रास’ म्हणतात. एका भट्टीत दोन्ही पडली की मोतियाचा भाव गेला असे समजावे. म्हणून रानातील सरमिसळ गवतावर विसंबू नये. आपल्याच शेतात खात्रीच्या बियाण्यापासून लागवड करावी. मेळघाटच्या राखीव वनातून परवानगीवाचून गवत कापणे हा गुन्हा आहे, हेही विसरू नये. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘तृष्णा’ व ‘पीआरसी-1’ यांसारखे सुधारित वाण दिले आहेत.

जमीन व लागवड. पाणी साचणारी भारी काळी जमीन या पिकास मानवत नाही. निचऱ्याची, हलकी ते मध्यम, उताराची जमीन निवडावी. बी फार बारीक असल्याने वाळूत मिसळून गादीवाफ्यावर पेरावे. एक हेक्टरासाठी सुमारे अडीच किलो बी पुरते. सुमारे 40 दिवसांची रोपे पावसाळ्याच्या आरंभी 60 × 30 सेंटिमीटर अंतरावर लावावीत. पीक एकदा बसले की चार-पाच वर्षे टिकते.

कापणीची वेळ साधावी. तेल मुख्यतः तुऱ्यांत व पानांत असते. खोडात ते फारच थोडे असते. तुरे पूर्ण फुलून दाणा भरू लागला म्हणजे कापणी करावी. जमिनीपासून वीतभर बुडखा ठेवल्यास फुटवे चांगले येतात. कापलेले गवत उन्हात टाकू नये; सावलीत सुकवून लवकर भट्टीस न्यावे.

ऊर्ध्वपातन. जुन्या पद्धतीत गवत व पाणी एकाच देगेत घालून खाली जाळ लावीत. गवत बुडास लागले की तेलास करपट वास येई. आता गवत जाळीवर ठेवून त्यातून वाफ सोडतात; ही रीत अधिक चांगली. भांडे गंजणाऱ्या लोखंडाचे नसावे. वाफ थंड करण्यास भरपूर गार पाणी लागते, म्हणून भट्टी विहिरीजवळ असावी. तेल पाण्यावर तरंगते. ते वेगळे करून त्यातील पाण्याचा अंश काढावा आणि काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात अंधारात ठेवावे. दहा क्विंटल गवतापासून साधारणतः चार ते पाच किलो तेल निघते. उरलेला चोथा जळणास किंवा कंपोस्टास उपयोगी पडतो.

विक्री. प्रत्येक भांड्यावर वाण, शेत व कापणीची तारीख लिहावी. दोन कापण्यांचे तेल एकत्र करू नये. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. कनौज येथील सुगंध व सुरस विकास केंद्रात अशी तपासणी होते. एकदा तेलात भेसळ सापडली की गिऱ्हाईक कायमचे तुटते.

ग्रामसेवक व कृषी सहायकांना एक सूचना करावीशी वाटते. आधी भट्टी आणि मग पीक, असा उलटा क्रम गावात होऊ देऊ नये. पहिल्या वर्षी चार-पाच शेतकऱ्यांनी काही गुंठ्यांवरच लागवड करावी, तयार भट्टीवर तेल काढून नमुना गिऱ्हाइकास दाखवावा आणि मागणी पक्की झाल्यावरच सामाईक भट्टीचा विचार करावा. रोपे व लागवड यांविषयी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात विचारणा करावी.

तिखाडी कापसाची जागा घेणार नाही व तिने घेऊही नये. परंतु ज्या हलक्या उतारावर कापूस हात देत नाही, तेथे ती शेतकऱ्यास चार पैसे मिळवून देऊ शकते. आणि या वेळी तेल वऱ्हाडच्याच नावाने बाजारात जाईल.