आगीवांचून आगगाडी

आमचें नायगांव नांदेड जिल्ह्यांतलें. परंतु त्याच नांवाचें एक स्टेशन मुंबईच्या पश्चिम मार्गावर, भाईंदर व वसई यांच्यामध्यें आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरचे मुलगे नोकरीनिमित्त त्या बाजूस राहतात, त्यांनीं तेथील विजेच्या गाडीची हकीकत जाणून घेणें इष्ट होय.

हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली. (आग नसतां ‘आगगाडी’ म्हणणें वैयाकरणांस रुचणार नाहीं; पण रूढी बलवान.) ती जी. आय. पी. कंपनीची. तिचा कारभार त्याच वर्षीं सरकारकडे गेला. बी. बी. सी. आय. रेल्वे मात्र १९४२ पावेतों कंपनीच्याच कारभाराखालीं होती. तिनें १९२८ च्या जानेवारींत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत, आणि १९३६ मध्यें विरारपर्यंत विजेच्या गाड्या नेल्या.

ह्यांत कंपनीचा हिशेब चोख होता. वाफेचें इंजिन शेवटच्या स्टेशनावर सोडवून दुसऱ्या टोकास आणून जोडावें लागे. विजेच्या गाडीस दोन्ही टोकांस चालकाची खोली. मोटरमन ह्या टोकाकडून त्या टोकास गेला कीं गाडी परत फिरली! शिवाय मोटरी निरनिराळ्या डब्यांखालीं विभागलेल्या असल्यामुळें गाडी चटकन वेग घेते, आणि घटकेघटकेस थांबणाऱ्या गाडीस हाच गुण मोलाचा. त्याच रुळांवरून अधिक खेपा होऊं लागल्या. कचेरी कोटांत आणि बिऱ्हाड बोरिवलीस, हें साधलें.

जपानांत ओसाकाजवळ १९१० मध्यें सुरू झालेल्या एका खासगी विद्युत् रेल्वेनें रुळांलगतच्या जमिनी घेऊन त्यांवर घरेंही बांधून विकलीं. आपल्याकडे कंपनीनें तिकिटें विकलीं. घराची विवंचना उतारूची.

पुढें खेपांहून माणसें अधिक वाढलीं. बंद डब्यांत वारा खेळत नाहीं, म्हणून दारें उघडींच राहिलीं. आपोआप मिटणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजीं आली, म्हणजे पहिल्या गाडीनंतर ब्याण्णव वर्षांनीं. विजेचा दाब १५०० व्होल्टांवरून २५,००० वर नेण्याचें अवघड कामही तोंवर उरकलें होतें. दार मागें राहिलें, ही गोष्ट आम्हांस क्षम्य वाटत नाहीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांतले उतारू खालीं पडून कित्येकांचे प्राण गेले.

मुंबईस निघालेल्या मुलास आम्ही हल्लीं पगाराआधीं एक गोष्ट विचारतों: बिऱ्हाड कोणत्या स्टेशनाजवळ घेतलें, आणि सकाळची गाडी तेथूनच सुटते, कीं मागून भरून येते?