सातबाऱ्यावर नाव आहे, पण मालकी कुणाची?

"सातबारा माझ्या नावावर आहे, म्हणजे जमीन माझी." महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसील कचेरीच्या आवारात हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या मनात शंका नसते, कारण पीककर्ज त्याच उताऱ्यावर मिळतं, पीकविमा त्याच उताऱ्यावर निघतो आणि अतिवृष्टीची भरपाईही त्यावरच येते. त्यामुळे तो कागद म्हणजेच मालकी, असं वाटणं स्वाभाविक आहे. कायदा मात्र तसं मानत नाही. हा फरक वेळीच न कळल्यामुळे भावाभावांतले आणि बहीणभावांतले दावे एका पिढीकडून दुसरीकडे जातात.

सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांचा जोड. सातवर भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा) आणि 'इतर हक्क'. बारावर कोणत्या हंगामात कोणतं पीक. दोन्ही नमुने महसूल खात्याचे. शेतसारा कुणाकडून घ्यायचा आणि जमीन कोण कसतंय, हे सरकारला कळावं म्हणून ते ठेवले जातात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते. म्हणजे तिला वजन आहे, पण ती अंतिम नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सावरणी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात स्पष्टच सांगितलं, की फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटप, वारसा, मृत्युपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यांतून. सातबारा त्याची दखल घेतो, एवढंच.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जुन्या उताऱ्यांवर सापडतं. नावाच्या मागे किंवा पुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.पु.' अशी अक्षरं असतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी, असा त्यांचा अर्थ. वडील वारले आणि धाकटी भावंडं अज्ञान असली, की घरच्या थोरल्याचं नाव अशा रीतीने लावलं जाई. जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. पुढे कधी तरी ही तीन अक्षरं नव्या उताऱ्यावर उतरायची राहतात आणि थोरला किंवा त्याची मुलं एकटीच मालक दिसू लागतात. खरेदीला आलेला माणूस फक्त ताजा उतारा पाहतो, पैसे मोजतो आणि वर्षभरात धाकट्या भावाच्या नातवांची नोटीस हातात पडते. यातून वाचायचा मार्ग एकच: उताऱ्यावर जे फेरफार क्रमांक छापलेले असतात, ते एकेक काढून वाचायचे. फेरफार म्हणजे गाव नमुना 6. जमिनीत बदल कधी, कशाच्या आधारे, कुणाच्या अर्जावरून झाला, हे सारं तिथे असतं. उतारा आजचं चित्र देतो, फेरफार त्यामागचा इतिहास.

फेरफार 'मंजूर' झाला की विषय मिटला, हीही अशीच एक चुकीची समजूत. तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यावर 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मालकीचा खरा वाद मात्र या साखळीत सुटतच नाही. तो दिवाणी न्यायालयातच जातो.

आता स्टॅम्प पेपर. "पैसे दिलेत, स्टॅम्पवर लिहून घेतलंय, नोटरी केलीय, दोन साक्षीदार आहेत." पूर्वी हा स्टॅम्प शंभराचा असे, हल्ली पाचशेचा असतो. शहरांच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे असेच हातोहात विकले जातात आणि कष्टाची सगळी कमाई त्यात अडकते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 54 आणि नोंदणी कायदा, 1908 चं कलम 17 एकत्र वाचली तर उत्तर स्पष्ट आहे: शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. नोटरी सहीची ओळख पटवतो, मालकी देत नाही. साठेखत नोंदवलेलं असलं तरी तो विक्रीचा करार असतो, विक्री नव्हे. त्याच्या जोरावर खरेदीखत करून मागता येतं, पण मालक म्हणवून घेता येत नाही. कुलमुखत्यारपत्र घेऊन 'व्यवहार झाला' असं समजणाऱ्यांसाठी 2011 चा सूरज लॅम्प प्रकरणातला निकाल महत्त्वाचा आहे. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र यांची सांगड घालून केलेली 'विक्री' ही विक्रीच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवलं.

मग नोंदणीकृत खरेदीखत झालं की निर्धास्त व्हावं का? तेही नाही. आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकीची नव्हे. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, सह्या आणि ओळख पाहतो; विकणारा खरोखर मालक आहे का, हा निवाडा तो देत नाही. तमिळनाडूतल्या एका प्रकरणात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. चार भावांच्या जमिनीतला एकटा भाऊ सगळं क्षेत्र लिहून देऊ लागला, तरी त्याच्या हिश्शापलीकडे खरेदीदाराच्या पदरात काही पडत नाही. सूची क्रमांक 2 हा त्या दस्ताचा गोषवारा. दस्त नोंदला गेला एवढंच त्यातून कळतं.

उताऱ्याच्या वरच्या भागातली एक ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत: भूधारणा पद्धती. तिथे 'भोगवटादार वर्ग 1' असेल तर जमीन विकायला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. 'वर्ग 2' असेल तर थांबायचं. सरकारने दिलेली जमीन, काही वतनी जमिनी, कुळकायद्याने मिळालेली जमीन अशा प्रकारांत विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि अनेकदा नजराणा भरावा लागतो. ती न घेता झालेला व्यवहार शर्तभंग ठरतो. अर्थात 'वर्ग 2 कधीच विकता येत नाही' हेही खरं नाही. कुळाला कुळकायद्याच्या कलम 32-म चं प्रमाणपत्र मिळून 10 वर्षं झाली असतील, तर 2014 च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या 40 पट रक्कम भरून, पूर्वपरवानगीशिवाय ती जमीन विकता येते. आकार काही रुपयांत असतो, त्यामुळे ही रक्कमही मोठी नसते.

सगळ्यात दुखरा गैरसमज मुलींबद्दलचा आहे. "लग्न करून दिलं, हुंडा दिला, आता जमिनीत काय?" असं आजही उघडपणे बोललं जातं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी मुलाइतकीच वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 साली मुलींना सहदायाद केलं. 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मात्र त्यातून वगळल्या गेल्या. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही राहिली नाही. विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क जन्मतः आहे. 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी तेवढी सुरक्षित.

तरीही तलाठी कार्यालयात बहिणीची सही घेऊन 'हक्क सोडला' असा जबाब नोंदवण्याची रीत गावोगावी दिसते. अशा जबाबाने हक्क जात नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. सही करणाऱ्या बहिणीला हे सांगणारं तिथे कुणी नसतं, हे अन्यायाचं आहे.

"12 वर्षं कसली की जमीन आपली" हा समजही गावात पक्का आहे. मुदतीच्या कायद्यात 12 वर्षांचा उल्लेख आहे खरा, सरकारी जमिनीसाठी तीच मुदत 30 वर्षांची. पण तो ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा असावा लागतो. वाट्याने दिलेली जमीन कसणारा, मालकाच्या परवानगीने राहणारा, किंवा मुंबईला गेलेल्या भावाचा हिस्सा सांभाळणारा, यांपैकी कुणाचाही ताबा नुसत्या वर्षांच्या हिशेबाने मालकीत बदलत नाही.

गावठाणातल्या घराबाबत ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवला जातो. ती कर आकारणीची नोंदवही आहे. गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळावी म्हणून 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोनने मोजणी होऊ लागली, ती याचसाठी. शहरात गृहनिर्माण संस्थेतल्या नॉमिनीला मालक समजतात. 2019 च्या सहकार कायदा दुरुस्तीने नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद ठरवलं आहे. सदनिका कायदेशीर वारसांचीच. इमारतीखालची जमीन तर अनेक संस्थांच्या नावावर आलेलीच नसते. अभिहस्तांतरण झालं नसेल तर मिळकत पत्रिकेवर अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं नाव असतं.

तेव्हा जमीन घेणाऱ्याने इसार देण्याआधी ताज्या सातबाऱ्याबरोबर जुने सगळे फेरफार, 8अ चा खाते उतारा, मोजणीचा नकाशा आणि वकिलाकडून किमान 30 वर्षांचा शोध अहवाल पाहावा. आणि ज्यांच्या घरी मयत आजोबा-वडिलांचं नाव अजून उताऱ्यावर तसंच आहे, त्यांनी वारस नोंदीचा अर्ज या महिन्यातच द्यावा, मुलींची नावं त्यात न वगळता. संहितेच्या कलम 149 प्रमाणे ही वर्दी 3 महिन्यांच्या आत द्यायची असते.