औषधाला वाट करून देणारे बुडबुडे

मी रेडिओलॉजिस्ट, माझं निम्मं आयुष्य सोनोग्राफीच्या पडद्यापुढे गेलं. काही वर्षांपूर्वी यकृतात मोठी गाठ असलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने मला विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे यंत्र नुसतं बघतंच का? गाठीला काही करत नाही?" तेव्हा मी "नाही" म्हणालो. आज इतकं सरळ उत्तर देता येणार नाही.

आधी अडचण पाहू. यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, थोडं धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र मुख्यतः धमनीवर पोसते. म्हणून बारीक नळी घालून धमनीतच औषध सोडतात. पण गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि आतला दाब जास्त. त्यामुळे औषध दारापर्यंत जातं, आत पुरेसं शिरत नाही.

इथे बुडबुडे उपयोगी पडतील अशी आशा आहे. स्निग्ध पदार्थाच्या पातळ आवरणातला वायू, आकाराने तांबड्या रक्तपेशीएवढा किंवा त्याहून लहान. हाताच्या शिरेतून ते टोचतात. नंतर वायू श्वासावाटे निघून जातो. गाठी ओळखण्यासाठी युरोपात हे बुडबुडे २००१ पासून वापरात आहेत. ध्वनिलहरी पडल्या की ते फुगतात, आकसतात. लहरींचा जोर वाढवला की फुटतात. त्या धक्क्याने जवळच्या रक्तवाहिनीच्या भिंतीला आणि पेशींच्या पडद्याला थोडा वेळ सूक्ष्म छिद्रं पडतात. तेव्हाच रक्तात औषध असेल तर ते आत शिरतं. यंत्र गाठीवर रोखलेलं असल्याने दार उघडतं तेही तिथेच.

नॉर्वेतल्या बर्गनच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १० रुग्णांना नेहमीच्या औषधाबरोबर हे बुडबुडे दिले. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. जादा त्रास न होता रुग्णांना औषधाचे अधिक डोस घेता आले. फिलाडेल्फियात यकृताच्या कर्करोगाच्या २८ रुग्णांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी झाली. तिथे जोड औषधाची नव्हती, धमनीतून सोडलेल्या किरणोत्सर्गी मण्यांची होती. बुडबुड्यांची साथ मिळालेल्या गाठींनी उपचाराला अधिक चांगली दाद दिली.

पण मंडळी, हे आकडे लहान आहेत. हा उपचार अजून चाचणीतला आहे. "बुडबुड्यांनी खात्रीने बरं करतो" असं सांगून कोणी पैसे मागितले, तर शेत विकायला निघू नका. आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा.

त्या मुलाच्या वडिलांना 'हिपॅटायटिस बी' असल्याचं घरात ठाऊक होतं. दुखत नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं तपासणी झाली नाही. ज्यांना हा आजार किंवा सिऱ्होसिस आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी की नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. गाठ लहान असताना सापडली, तर ती काढता किंवा जाळता येते. त्यासाठी आमचं नुसतं बघणारं यंत्रही पुरेसं आहे.