ड्रोनच्या उड्डाण नियंत्रकास बाह्य संवेदकांची जोडणी आणि रेडिओ दूरमापन : पुण्यातील वातावरण मोजणीच्या संदर्भात

प्रास्ताविक :
भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगर येथील ती वास्तू आजही ‘सिमला ऑफिस’ या नावानेच ओळखली जाते. फुग्यासोबत उपकरण वर सोडून त्याची मापने रेडिओद्वारे जमिनीवर घेण्याची परंपरा या शहरास आहे. हिवाळ्यात पहाटे टेकड्यांनी वेढलेल्या पुण्यात थंड हवेचा थर खाली साचतो, त्यावर उबदार हवा राहते आणि धूर खालीच कोंडतो. तापमानाचा हा व्युत्क्रम जमिनीवरील एका केंद्रावरून पूर्णपणे उलगडत नाही. पहिल्या शंभर मीटरांच्या मोजणीसाठी ड्रोन हे सोयीचे साधन होय. प्रस्तुत लेखात त्यासाठी लागणाऱ्या जोडणीचे विवेचन केले आहे.

१. संवेदकाची जोडणी :
उड्डाण नियंत्रकात त्वरण, फिरण्याचा वेग व वायुदाब मोजणारे संवेदक मुळातच असतात. परंतु त्याच्या पेटीतील तापमान हे मंडलाच्या उष्णतेचे असते, हवेचे नव्हे. यास्तव बाह्य संवेदक आवश्यक ठरतो. तो ‘आय-टू-सी’ या दोन तारांच्या मार्गावर जोडता येतो. या मार्गावर प्रत्येक उपकरणास स्वतंत्र पत्ता हवा. उदाहरणार्थ, ‘बीएमई २८०’ हा तापमान-आर्द्रता संवेदक आणि ‘एमएस ५६११’ हा वायुदाब संवेदक या दोहोंना षोडशमान पद्धतीतील ७६ किंवा ७७ हेच पत्ते उपलब्ध आहेत. दोघांचा पत्ता एकच राहिल्यास वाचन बिघडते. तसेच हा मार्ग आखूड अंतरासाठी असल्याने तारा कमीत कमी लांबीच्या ठेवाव्यात.

दुसरा मार्ग म्हणजे संवेदक एका लहान सूक्ष्मनियंत्रकास जोडून त्याची मापने सिरियल पोर्टद्वारे उड्डाण नियंत्रकाकडे देणे. येथे एकाची प्रेषण तार दुसऱ्याच्या ग्रहण तारेस जोडावी लागते व भूमी तार समाईक असावी लागते. संवेदक बिघडला तरी उड्डाणाच्या कामात अडथळा येण्याची शक्यता कमी होते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

२. संदेश व वहनक्षमता :
‘मॅव्हलिंक’ या संदेशपद्धतीत नाव व मूल्य पाठविण्याचा एक तयार संदेश आहे. त्याचा आशय १८ बाइटचा असून दुसऱ्या आवृत्तीत वेष्टनासह तो जास्तीत जास्त ३० बाइट होतो. ५७,६०० बॉडच्या सिरियल जोडणीतून सेकंदास सुमारे ५,७६० बाइट जातात. पाच राशी सेकंदास दहा वेळा पाठविल्यास १,५०० बाइट, म्हणजे एक चतुर्थांशाहून अधिक क्षमता खर्ची पडते. याच दुव्यावरून विमानाची स्थिती व चालकाच्या आज्ञाही जातात. दुवा तुंबल्यास आज्ञा उशिरा पोहोचते आणि वस्तीच्या ठिकाणी हा विलंब धोक्याचा ठरतो. वस्तुतः सेकंदास २ मीटर वेगाने चढताना सेकंदास एक नोंद पुरेशी आहे. १२० मीटर उंचीपर्यंत त्यातून ६० नोंदी मिळतात आणि भार १५० बाइटवर येतो.

३. लहरी व नियम :
बाजारात ९१५ मेगाहर्ट्झचे रेडिओ संच मिळतात. ते अमेरिकेतील ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी असतात. भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल संचाकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरींचा आहे. साहजिकच असा संच हवेत नेल्यास मोबाइल सेवेत व्यत्यय संभवतो. भारतात २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा मर्यादित शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला. संच निवडताना हा भेद ध्यानात घ्यावा. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ वर्गात मोडते. हे वजन भारासह मोजले जात असल्याने जोडलेला संवेदकही वर्ग बदलू शकतो. लोहगाव विमानतळामुळे उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहणे अनिवार्य समजावे.

४. मापनाची विश्वासार्हता :
संवेदक बॅटरीजवळ वा थेट उन्हात असल्यास आकडा चढा येतो. त्यास सावली व वाहती हवा दोन्ही हवीत. रेडिओवरील काही संदेश गहाळ होतातच. म्हणून तीच नोंद वेळेसह मेमरी कार्डवरही ठेवावी.

निष्कर्ष :
दूरमापन म्हणजे केवळ तारांची जोडणी नव्हे. पत्ता, वेग, लहरी व संवेदकाची जागा या चार बाबी सांभाळल्या, तरच वरून आलेला आकडा अभ्यासास आधार देऊ शकतो. महाविद्यालयीन प्रकल्पांनी प्रथम जमिनीवर, पंखे काढून, संपूर्ण साखळी तपासावी व मगच उड्डाण करावे.