पोलाद, सागवान आणि ऊन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या यंत्रणकामातील अचूकता व उत्पादकता

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे उर्वरित महाराष्ट्राला जंगल, वाघ आणि कोळसा यांमुळे ठाऊक असले, तरी या भूमीवर उभे राहिलेले उद्योग रोजच्या रोज एका फारशा न बोलल्या जाणाऱ्या कौशल्यावर चालतात. 2,920 मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना आणि अलीकडे सुरजागडच्या लोहखनिजावर आधारलेला कोनसरीचा प्रकल्प, या सर्वांना झिजलेले शाफ्ट, बुश, गिअर आणि रोल पुन्हा मापात आणून द्यावे लागतात. टूलच्या धारेने नको असलेला भाग काढून वस्तूला ठरावीक आकार व माप देण्याच्या या क्रियेला यंत्रण म्हणतात, आणि ज्या वस्तूवर ती होते तिला कार्यवस्तू, म्हणजे कारखान्याच्या बोलीत ‘जॉब’.

या क्षेत्राचा इतिहास अचूकतेच्या पायऱ्यांनी मोजता येतो. 1774 साली जॉन विल्किन्सनने बनवलेल्या बोअरिंग यंत्रामुळे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला पुरेसे गोल सिलिंडर मिळाले. पुढे हेन्री मॉड्सलेच्या लेथने स्क्रूचे आटे यंत्रावर नेमके कापता येऊ लागले. आणि 1952 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अंकीय नियंत्रणावर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले गेले, ज्यातून आजची सीएनसी यंत्रे आली. मराठी माणसाचा या परंपरेतील वाटा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीपासून सुरू होतो, आणि त्याच घराण्याने 1941 मध्ये हरिहर येथे सुरू केलेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथनी देशभरातील वर्कशॉपमध्ये जागा मिळवली.

यंत्र कितीही आधुनिक असले तरी चंद्रपुरात त्याची पहिली गाठ उन्हाशी पडते. मोजमापासाठी जगभर 20 अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान मानले जाते, तर येथे मे महिन्यात पारा 46-47 अंशांपर्यंत चढतो. पोलादाची एक मीटर लांबी दर अंशाला सुमारे 12 मायक्रॉनने वाढते आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे 200 मिलिमीटर व्यासाचा भाग 42 अंशांच्या वर्कशॉपमध्ये सुमारे 53 मायक्रॉनने मोठा भरतो, तर या व्यासाच्या एच-7 प्रतीच्या भोकाला मिळणारी एकूण सूट, म्हणजे टॉलरन्स, अवघी 46 मायक्रॉन असते. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे व एकाच तापमानाचे असतील तर ही वाढ परस्परांत वजा होते; खरी फसगत होते ती नुकताच कापलेला गरम जॉब बाजूला ठेवलेल्या मायक्रोमीटरने लगेच मोजल्यावर, किंवा ब्राँझच्या बुशमध्ये पोलादी शाफ्ट बसवताना, कारण ब्राँझ पोलादाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावते. यंत्राचा स्पिंडल, बेड व बॉलस्क्रू हेही तापतात. 1990 साली जेम्स ब्रायन यांनी घेतलेल्या आढाव्यात सूक्ष्म कामातील एकूण चुकांपैकी 40 ते 70 टक्के चुकांचे मूळ उष्णतेत असल्याचे नोंदवले होते. म्हणून अचूक फिनिशिंग पहाटेच्या पाळीत घेणे, यंत्र रिकामे फिरवून त्याचे तापमान स्थिर झाल्यावरच अंतिम काप घेणे आणि जॉब मापनकक्षात पुरेसा वेळ ठेवून मगच मोजणे, या तीन सवयींचे मोल नव्या यंत्राच्या बरोबरीचे आहे.

दुसरा प्रश्न पायाचा. वरोरा-भद्रावती पट्ट्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायावरचे यंत्र त्यासोबत किंचित कलते. लेथचा बेड पिळला गेला की सरळ शाफ्ट निमुळता निघू लागतो. त्यामुळे पावसाळ्याआधी व नंतर सूक्ष्म लेव्हलने बेड तपासणे, तसेच सीएनसी यंत्राची वर्तुळाकार चाल बॉलबार या उपकरणाने पाहणे, हे येथील देखभालीचे अंग ठरावे.

उत्पादकतेचा विचार करताना वेग वाढवण्याचा मोह प्रथम होतो. फ्रेडरिक टेलरने 1907 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार टूलचे आयुष्य कापण्याच्या वेगाच्या तुलनेत फार झपाट्याने घटते. कार्बाइडच्या टूलसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या घातांकाने वेग 20 टक्के वाढवला तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते. मोटार कारखान्यात एकसारखे हजारो भाग निघतात, तेथे हा हिशेब सेकंदांचा असतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या ताडाळी येथील केंद्रीय कर्मशाळेसारख्या दुरुस्तीच्या ठिकाणी मात्र आज पंपाचा शाफ्ट तर उद्या वेल्डिंगने भरलेली बेअरिंगची बैठक, असे एकेरी काम येते. तेथे टूल प्रत्यक्ष कापत असते त्यापेक्षा जॉब पकडणे, मध्यावर आणणे, नकाशा शोधणे आणि टूल बदलणे यांतच अधिक वेळ जातो. वारंवार येणाऱ्या भागांसाठी फिक्स्चर तयार ठेवणे, टूलची मापे आधीच नोंदवणे आणि झिजलेल्या भागाचे मूळ माप जपून ठेवणे यांमुळे यंत्र चालू राहण्याचा काळ वाढतो, आणि त्याच नोंदींमुळे चुकाही कमी होतात. अचूकता आणि उत्पादकता एकमेकींच्या विरोधात नाहीत हे येथे स्पष्ट होते, कारण फेरकामाइतके महाग काम दुसरे नाही.

या जिल्ह्यांची दुसरी कार्यवस्तू सागवान आहे, आणि तिचे शास्त्रही तेवढेच काटेकोर आहे. आलापल्लीच्या जंगलातील साग बल्लारपूरच्या लाकूड आगारात येतो. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड येथूनच गेले. पोलादाला उष्णता हलवते, तर लाकडाला ओलावा. त्यातील पाणी कोरड्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांखाली गेले की लाकूड आक्रसू लागते, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने होणाऱ्या आकुंचनाच्या जवळपास दुप्पट असते. म्हणून नीट न वाळवलेल्या फळीचे माप कितीही चोख काढले तरी ते टिकत नाही. सागातील वाळूसदृश सिलिकेमुळे करवतीची धार लवकर बोथट होते, त्यासाठी दातांना स्टेलाइट किंवा कार्बाइडची टोके लावतात. करवतीच्या कापाची जाडी हा तर थेट झाडांचा हिशेब आहे. 300 मिलिमीटर रुंदीच्या ओंडक्यातून 25 मिलिमीटरच्या फळ्या काढताना काप 5 मिलिमीटरचा असेल तर दहा फळ्या निघतात, तो पातळ बँडसॉने अडीच मिलिमीटरवर आणला तर अकरा. भुशात जाणारी ती अकरावी फळी वाचवणे म्हणजे तेवढ्याच गरजेसाठी कमी झाडे तोडणे होय. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात हाताळला जाणारा बांबू तर पोकळ, निमुळता आणि पेरागणिक बदलणारा असल्यामुळे, त्याच्या पट्ट्या एकसारख्या जाडीत आणणे हीच तेथील यंत्रांची मुख्य कसोटी असते.

या सर्वांच्या मुळाशी माणूस आहे. 1996 पासून चालणारे चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अभियंते घडवते, तर दोन्ही जिल्ह्यांतील आयटीआयमधून टर्नर, फिटर व मशिनिस्ट बाहेर पडतात. त्यांना सीएनसीचा प्रोग्रॅम लिहिण्याइतकेच तापमान, ओलावा आणि मापनातील अनिश्चितता यांचे शिक्षण मिळाले पाहिजे, कारण पुण्या-बंगळूरच्या वातानुकूलित शॉपसाठी लिहिलेले नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. खनिज, कोळसा आणि लाकूड बाहेर पाठवून त्यांपासून बनलेल्या वस्तू पुन्हा विकत घेणाऱ्या प्रदेशाला मूल्य आपल्याकडे राखायचे असेल, तर ते मायक्रॉनच्या शिस्तीतूनच राखता येईल. आणि त्या शिस्तीची सुरुवात महागड्या यंत्रापासून नव्हे, तर प्रत्येक वर्कशॉपमध्ये भिंतीवर एक तापमापक, कपाटात वेळोवेळी तपासलेली मापनसाधने आणि टेबलावर नोंदवही ठेवण्यापासून करता येते.