अर्थवृत्ताचे निवेदक आणि त्यांची मोहिनी

बातमीइतकेच बातमी सांगणाऱ्याविषयीही मनुष्यास कुतूहल असते, हा अनुभव काही नवा नव्हे. पूर्वी दवंडी पिटणाऱ्यामागे गावातील मुले धावत. दूरगावाहून बाजारभाव घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याभोवती पारावर माणसे जमत. सांप्रत हे स्थान दूरचित्रवाणीवरील निवेदकांनी घेतले आहे. त्यांतही शेअरबाजाराचे व अर्थकारणाचे वृत्त देणाऱ्या निवेदकांविषयी प्रेक्षकांस वाटणारी आपुलकी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अमुक निवेदिका आज प्रसन्न दिसली, तमुक निवेदक चार दिवस पडद्यावर आला नाही, तो रजेवर आहे की वाहिनी सोडून गेला, ही चर्चा भावांच्या चढउताराइतक्याच उत्सुकतेने चाललेली आढळते. ही मोहिनी कशी उत्पन्न होते, आणि तिच्यातील निर्दोष भाग कोणता व घातक कोणता, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

महाराष्ट्रात या आवडीचा आरंभ अर्थवृत्तापूर्वीच झाला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या वृत्तनिवेदिकांत स्मिता पाटील होत्या. त्यांचे घराणे आपल्या शेजारच्या शिरपूरचे, म्हणजे खानदेशचेच. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते या वृत्तनिवेदनामुळे, व त्यातूनच त्या चित्रपटसृष्टीत आल्या. पुढे प्रदीप भिडे यांचा धीरगंभीर आवाज कित्येक वर्षे मराठी घरांतील सायंकाळचा सोबती होऊन राहिला. २०२२ साली ते निवर्तले, तेव्हा ज्यांनी त्यांस कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते अशा असंख्य लोकांस घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. या प्रेमात काही वावगे नव्हते. निवेदक आवडला म्हणून कोणाची पुंजी धोक्यात येत नव्हती.

अर्थवृत्ताची गोष्ट याहून निराळी आहे. अमेरिकेत सीएनबीसी ही केवळ अर्थविषयाला वाहिलेली वाहिनी १९८९ साली निघाली. तिच्या मारिया बार्टिरोमो या निवेदिकेने १९९५ साली न्यूयॉर्क शेअरबाजाराच्या गजबजलेल्या सौदाकक्षात उभे राहून थेट वृत्त देण्यास प्रारंभ केला, आणि पाहता पाहता तिची कीर्ती नटीसारखी पसरली. जोई रामोन या विख्यात रॉक गायकाने तर तिच्याच नावाचे गीत रचिले. ते त्याच्या मृत्यूनंतर २००२ साली प्रसिद्ध झाले. भारतात ही वाहिनी १९९९ च्या डिसेंबरात आली, व २००५ च्या जानेवारीत तिची ‘आवाज’ ही हिंदी वाहिनी सुरू झाली. घरी अहिराणी अथवा भिली, बाजारात गुजराती व शाळेत मराठी बोलणाऱ्या आमच्या नंदुरबारसारख्या सीमेवरील जिल्ह्यास हिंदी परकी नाही. त्यामुळे मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरील घडामोडी थेट दुकानाच्या गादीवर येऊन पोहोचल्या.

आता मोहिनीचे कारण पाहू. पहिले कारण दृष्टीचे. निवेदक आपल्याकडे पाहून बोलतो असे भासते. वस्तुतः तो एक काच पाहत असतो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तिरकी काच बसविलेली असते, व खालच्या पडद्यावर सरकणारी अक्षरे तीत प्रतिबिंबित होतात. निवेदक ती वाचतो, कॅमेऱ्यास मात्र ती दिसत नाहीत. परिणामी समोरचा मनुष्य पाठ केल्यावाचून अस्खलित बोलत आहे, व तेही आपल्या डोळ्यांत पाहून, असे आपणांस वाटते. दुसरे कारण नित्यतेचे. बाजार सकाळी सव्वानऊस उघडतो व दुपारी साडेतीनला बंद होतो. तितका वेळ तेच चेहरे रोज घरात वावरतात. डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल या अमेरिकन विद्वानांनी १९५६ सालीच या नात्याचे विवेचन केले होते. प्रेक्षक निवेदकास ओळखतो, निवेदक प्रेक्षकास ओळखत नाही. तथापि प्रेक्षकाच्या मनास ही मैत्री खरी वाटते. या नात्यास आपण एकतर्फी परिचय म्हणू.

तिसरे कारण केवळ अर्थवृत्तास लागू आहे. पैशाच्या ठायी मनुष्याचे भय व आशा एकवटलेली असतात. भाव कोसळत असता पडद्याच्या तळाशी लाल आकडे धावतात, आणि त्याच वेळी नीटनेटक्या पोशाखातील एक व्यक्ती शांत स्वरात बोलत असते. घाबरलेल्या मनुष्यास शांत स्वराचा आधार वाटतो. वैद्याच्या मुद्रेवरून रोगी जसा आपल्या आजाराचा अंदाज बांधतो, तसाच प्रेक्षक निवेदकाच्या मुद्रेवरून आपल्या पैशाचे भवितव्य वाचू लागतो. येथेच आवड संपते व भ्रम सुरू होतो.

हा भ्रम महाग पडतो. बस्से व ग्रीन या अभ्यासकांनी सीएनबीसीच्या कार्यक्रमांचे परीक्षण करून २००२ साली दाखवून दिले की, एखाद्या शेअरची अनुकूल वार्ता उच्चारली जाताच काही सेकंदांत भाव हलू लागतो, व साधारण एका मिनिटात वार्तेचा परिणाम भावात उतरतो. पंधरा सेकंदांच्या आत व्यवहार करणाऱ्यांसच काय तो अल्पसा लाभ झाला. मग चहाचा पेला खाली ठेवून दूरध्वनी हाती घेणाऱ्या प्रेक्षकाच्या वाट्यास काय उरणार? जिम क्रेमर यांच्या २००५ साली सुरू झालेल्या ‘मॅड मनी’ या कार्यक्रमाच्या अभ्यासातही असेच दिसले, की त्यांनी शिफारस केलेले शेअर रातोरात वधारत व पुढील काही महिन्यांत ती वाढ बहुधा ओसरून जाई.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे विश्वासाचा दुरुपयोग. २०२१ च्या जानेवारीत सेबी या नियामक संस्थेने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाविरुद्ध अंतरिम आदेश काढिला. कार्यक्रमात सांगावयाचे शेअर त्याच्या कुटुंबीयांच्या खात्यांतून आदल्या दिवशी विकत घेऊन दुसऱ्या दिवशी विकले जात, असा आरोप होता. २०२४ च्या फेब्रुवारीत अशाच दुसऱ्या एका वाहिनीवर येणारे पाहुणे तज्ज्ञ आपल्या शिफारशी प्रक्षेपणापूर्वीच इतरांस कळवीत, असे अंतरिम आदेशात नमूद करून सेबीने ७ कोटी ४१ लाख रुपये जप्त करण्याचा हुकूम दिला. सर्व निवेदक असे असतात असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अर्थसंकल्प, व्याजदर, महागाई हे क्लिष्ट विषय सोपे करून सांगणारे प्रामाणिक निवेदक पुष्कळ आहेत, व त्यांचे लोकांवर उपकार आहेत. परंतु मधुर वाणी व प्रसन्न मुद्रा या दोन्ही गोष्टी प्रामाणिक व अप्रामाणिक मनुष्यांस सारख्याच लाभू शकतात, हे विसरून चालणार नाही.

आमच्या गावचा मिरचीचा बाजार येथे दृष्टान्तास घ्यावा. नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची लिलावास येते व पुढे पथारींवर वाळत पडते. तेथे लिलाव पुकारणारा कितीही गोड बोलो, जाणता व्यापारी त्याच्या तोंडाकडे न पाहता मिरची हातात घेतो, तिचा रंग पाहतो, ओलावा जोखतो, मगच बोली बोलतो. पुकारणाऱ्याविषयी त्याच्या मनात आदर नसतो असे नव्हे. परंतु आदर निराळा व पारख निराळी, हे तो जाणतो. शेअर घेणाऱ्यानेही कंपनीचा नफा, कर्ज व व्यवहार यांची पारख अशीच स्वतः करावयास हवी.

ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मासिकात लिहिण्याचे कारण असे, की तिचा संबंध घरोघरच्या बचतीशी येऊन ठेपला आहे. मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती सुमारे ४ कोटी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती १० कोटींच्या पुढे गेली. सेबीनेच २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्सचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांस तोटा झाला, व तो एकंदर १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. या आकड्यांमागे कोणाचे शिक्षण, कोणाचे लग्न, कोणाची विहीर अडकून पडली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

म्हणून आमच्या तरुण वाचकांस एवढेच सांगणे आहे. निवेदक अवश्य आवडोत. त्यांची भाषा, त्यांचा नेटकेपणा, अवघड विषय सोपा करण्याची हातोटी यांचे अनुकरणही करावे. घरातील वडीलधारी मंडळी ‘टीव्हीवर सांगितले’ असे म्हणून शेअर घेऊ लागली, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत: सांगणारा सेबीकडे नोंदलेला आहे काय? या शिफारशीत त्याचा स्वतःचा काही लाभ आहे काय? आणि हे पैसे बुडाले तर आपले घर चालेल काय? ईश्वराने मनुष्यास आवडनिवड दिली, तशीच विवेकबुद्धीही दिली आहे. चेहरा आवडण्यास पहिली पुरेशी आहे. पैसा सोपविण्यास दुसरीच लागते.