नेत्यांच्या मुलांना सूट का नको?

युद्धकाळात सक्तीची सैन्यभरती असेल, तर नेत्यांच्या मुलांना त्यातून सूट नको, असं माझं ठाम मत आहे. प्रश्न फक्त समतेचा नाही. विसाव्या शतकात अमेरिकी काँग्रेसमध्ये सक्तीच्या भरतीवर झालेली मतदानं अर्थतज्ज्ञांनी तपासली. भरतीच्या वयाचे मुलगे असलेले सदस्य, त्याच वयाच्या मुली असलेल्यांपेक्षा, भरतीच्या बाजूने कमी वेळा मत देताना आढळले. मुलगा वयोमर्यादा ओलांडून गेला की पाठिंबा पुन्हा वाढायचा. झळ स्वतःच्या घराला बसणार असली की माणूस दहादा विचार करतो.

दुसऱ्या महायुद्धात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे चारही मुलगे सैन्यात होते. थोरल्या जेम्सचे तळपाय सपाट, तरी ऑगस्ट १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या मकिन बेटावरच्या छाप्यात तो उतरला. पण असा मुलगा शत्रूच्या हाती लागला तर? स्टालिनचा मुलगा याकोव्ह १९४१ मध्ये जर्मनांना सापडला आणि त्यांनी त्याचा प्रचारासाठी वापर केला. धोका खरा आहे. त्यावर उपाय नेमणुकीत खबरदारी घेण्याचा, सूट देण्याचा नव्हे. याहून वजनदार आक्षेप म्हणजे, नेत्यांची मुलं लढायला गेल्याने युद्धं थांबत नाहीत. ब्रिटिश मंत्री बोनार लॉ यांचे दोन मुलगे १९१७ मध्ये मारले गेले, तरी ते युद्धमंत्रिमंडळात राहिले आणि युद्ध पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत चाललं. मान्य. पण इतरांची मुलं धाडण्याचा त्यांचा अधिकार निदान फुकटचा नव्हता. आणि बापाचं राजकारण मुलाने निवडलेलं नसतं, म्हणून फक्त नेत्यांच्या मुलांवर सक्ती मला अन्यायच वाटते. नियम एकच हवा, सगळ्यांना.